मागून कोण येतंय?

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न. सायकल चालवताना भीती कोणत्या गाडीची जास्त वाटते? समोरून येणाऱ्या, की मागून येणाऱ्या? आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाला हे विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मागून!" आणि ते खरंच आहे की! समोरची गाडी दिसते. ती केवढी आहे, किती वेगात आहे, ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर आहे की शेजाऱ्याशी गप्पा मारण्यात, सगळं कळतं. मागची गाडी नुसती ऐकू येते. कधीकधी तीसुद्धा नाही.

आमच्या रेडीविषयी आधी थोडं सांगते, म्हणजे हा प्रश्न आमच्या मुलांच्या इतका जिवाचा का, ते लक्षात येईल. रेडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्याच्या अगदी दक्षिण टोकाला. पुढे तेरेखोलची खाडी आणि पलीकडे गोवा. इथे लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि ते खनिज बोटींत भरायला बंदर आहे. वाहतूक सुरू असते त्या दिवसांत खनिजाने भरलेले डंपर एकामागून एक धावतात. शिवाय १९७६ साली इथे जमिनीत सापडलेल्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या, गोव्याकडे निघालेल्या गाड्या, एस.टी., रिक्षा. आणि या सगळ्यांच्या मधून, रस्त्याच्या डाव्या कडेने, पाठीवर दप्तर घेऊन सायकल मारणारी आमची मुलं!

रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून निघणारा सागरी महामार्ग आमच्या गावी संपतो. त्याचं नावच 'रेवस-रेडी'. त्यामुळे थंडीच्या दिवसांत समुद्राच्या कडेकडेने सायकल चालवत आलेली मंडळी आमच्याकडे चहाला थांबलेली दिसतात. अशाच एका काकांच्या सायकलच्या सीटखाली आगपेटीपेक्षा थोडी मोठी अशी काळी डबी होती. तिच्यात लाल दिवा लुकलुकत होता. पोरांनी काकांना घेरलं आणि धावत मला येऊन सांगितलं, "बाई, मागसून गाडी इली काय त्या डबयेक कळता!"

पोरांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ती डबी म्हणजे सायकलचं रडार.

रडार म्हटलं की तुम्हाला विमानं, लढाऊ जहाजं, फिरणाऱ्या मोठ्या तबकड्या आठवतील. पणजीला हवामान खात्याचं रडार आहे. आमच्यावर कोसळायला निघालेला पाऊस ते ढगात असतानाच पाहतं. ते यंत्र केवढं मोठं! आणि सायकलच्या एका प्रसिद्ध रडारचं वजन किती? ७१ ग्रॅम. एका लहानशा केळ्याएवढं! २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या आयकूबू नावाच्या छोट्या कंपनीने 'बॅकट्रॅकर' नावाने असं यंत्र लोकांपुढे आणलं. २०१५ मध्ये गार्मिन या मोठ्या कंपनीने ती कंपनीच विकत घेतली आणि त्याच वर्षी 'व्हेरिया' या नावाने सायकलचं रडार बाजारात आणलं. आता इतर कंपन्याही अशी रडारं बनवतात.

ही डबी करते काय? तिचं तोंड मागच्या बाजूला. मागे सुमारे १४० मीटरपर्यंतच्या रस्त्यावर ती लक्ष ठेवते. मागून गाडी येऊ लागली की हँडलवरच्या छोट्या पडद्यावर कडेला एक ठिपका उमटतो आणि 'टिंग' असा आवाज होतो. गाडी जवळ येईल तसा ठिपका वर सरकत जातो. रस्ता मोकळा असेल तर हिरवा रंग, गाडी येत असेल तर पिवळा, फार वेगात येत असेल तर लाल. दोन गाड्या असतील तर दोन ठिपके. मान वळवावी लागत नाही.

पण मुलांनो, डबीला डोळे नाहीत. मग तिला दिसतं कसं?

आमच्या यशवंतगडाच्या तटासमोर थोडं लांब उभं राहून आरोळी द्या. आरोळी तटावर आपटून परत येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा तुम्ही तटापासून ८५ मीटरवर आहात. तर आवाजाला जायला ८५ आणि यायला ८५, म्हणजे १७० मीटर. अर्ध्या सेकंदात तुमची आरोळी तुम्हालाच परत मिळेल. म्हणजे मधला वेळ मोजता आला, तर टेप न लावता अंतर सांगता येईल. संध्याकाळी दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या पाकोळ्या हेच करतात. त्या आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून किडा कुठे आहे ते ओळखतात. (पेरू-चिकू खायला येणारं मोठं वटवाघूळ मात्र डोळ्यांनी बघून उडतं हं. दोघांची गल्लत करू नका.)

रडार आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतं. त्या जातात प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. १४० मीटरवरच्या ट्रकला शिवून परत यायला त्यांना किती वेळ लागेल? एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाहूनही कमी!

या लहरींची गोष्ट सांगताना एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सायकलच्या रडारच्या लहरी सव्वा सेंटीमीटर लांबीच्या असतात, साधारण एका करवंदाएवढ्या. इतक्या आखूड रेडिओलहरी जगात सर्वांत आधी ज्यांनी तयार केल्या, त्यांत आपले जगदीशचंद्र बोस होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकवत. तिथे साध्या सामानातून उपकरणं बनवून त्यांनी अडीच सेंटीमीटरपासून थेट पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. एका खोलीतून सोडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी भिंत ओलांडून गेल्या, पलीकडची घंटा वाजली आणि दारूचा बार उडाला! तेव्हा जमलेल्या लोकांना ती जादूच वाटली असेल. एकशे वीस वर्षांनी तशाच लहरी सायकलच्या सीटखाली येऊन बसल्या.

आता खरी गंमत पुढे आहे. रस्त्याच्या मागे काय फक्त ट्रक असतो? माड असतात, गडगे असतात, विजेचे खांब असतात, उभी असलेली रिक्षा असते. सगळ्यांवर आपटून लहरी परत येणारच. मग डबी प्रत्येक माडासाठी 'टिंग' का करत नाही?

यासाठी समुद्रावर चला. पाणी गुडघ्याएवढं असेल तिथेच, आणि मोठं माणूस सोबत हवं बरं का! स्थिर उभे राहा आणि एका मिनिटात किती लाटा पायाला लागतात ते मोजा. मग समुद्राच्या दिशेने दोनचार पावलं चाला. लाटा आधीपेक्षा भराभर लागतील. आता किनाऱ्याकडे वळून चाला. लाटा उशिरा उशिरा लागतील. समुद्र तोच, लाटा त्याच. तुम्ही त्यांच्याकडे जाता की त्यांच्यापासून दूर, यावर त्या किती वेळा भेटणार हे ठरतं. आवाजाचंही तसंच. हॉर्न वाजवत एस.टी. आपल्याकडे येते तेव्हा हॉर्नचा सूर उंच असतो आणि ती पुढे निघून गेली की एकदम खाली उतरतो. ऐकलंय ना?

ख्रिश्चन डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली ही गोष्ट मांडली. लोकांना ती लगेच पटली नाही. तेव्हा १८४५ मध्ये हॉलंडमधल्या बाइज बॅलट या शास्त्रज्ञाने काय करावं? त्याने आगगाडीच्या उघड्या डब्यावर तुतारी वाजवणारे वादक बसवले आणि त्यांना एकच सूर धरून ठेवायला सांगितलं. रुळांच्या कडेला सुरांचे जाणकार उभे केले. गाडी त्यांच्या अंगावरून निघून गेली आणि सूर खरोखरच बदलला! इतकी मजेदार परीक्षा विज्ञानात क्वचितच झाली असेल.

आपल्या डबीतही हेच चालतं. ती सेकंदाला २४ अब्ज कंप असलेली लहर सोडते. मागचा माड जागचा हलत नाही आणि सायकल पुढे चाललेली असते. म्हणजे डबीच्या दृष्टीने माड दूर दूर जातोय. त्याच्याकडून परत येणाऱ्या लहरीचे कंप थोडे कमी भरतात. डबी म्हणते, "हा दूर जातोय, याचं काम नाही." ट्रक मात्र तुमच्यापेक्षा वेगात असतो, म्हणजे जवळ येत असतो. त्याच्याकडून येणाऱ्या लहरीचे कंप थोडे जास्त भरतात. थोडे म्हणजे किती? ट्रक तुमच्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर जास्त वेगाने येत असेल, तर २४ अब्जांत फक्त १६०० जास्त. दीड कोटीमागे एक! दोन तंबोरे जवळजवळ सारखे लावलेत, पण अगदी किंचित फरक राहिलाय, तर एकत्र वाजवल्यावर आवाजात कसा हेलकावा ऐकू येतो? तसा हेलकावा डबी सोडलेली लहर आणि परत आलेली लहर एकत्र करून मोजते. त्यावरून वेग सांगते.

आता हे १४० मीटर पुरतात का, ते आपण गणिताने पाहू. वही घ्या.

तुमची सायकल ताशी १४ किलोमीटर. मागून ट्रक ताशी ५० ने येतोय. दोघांच्या वेगातला फरक ३६. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. म्हणून १४० मीटर कापून तो तुमच्यापर्यंत येईल १४ सेकंदांत. मोटार ताशी ६८ ने येत असेल तर फरक ५४, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, आणि वेळ साधारण सव्वानऊ सेकंद. चौदा सेकंद कमी वाटतात का? सावकाश चौदा अंक मोजा. तेवढ्यात वेग कमी करता येतो, कडेला कुठे जागा आहे ते बघता येतं, शेजारी शेजारी सायकली चालवत गप्पा मारणाऱ्या मैत्रिणीला मागे घेता येतं. गाडी पाठीशी आल्यावर दचकून हँडल हलणं निराळं आणि 'येतेय' हे आधीपासून ठाऊक असणं निराळं.

कानांनी हेच काम होत नाही का? होतं, पण नेहमी नाही. सायकल चालवताना समोरचा वारा कानांत भरतो आणि मागचा आवाज दबतो. पावसाळ्यात रेनकोटची टोपी आणि पत्र्यांवरचा पाऊस, दोन्ही मिळून काही ऐकू देत नाहीत. आणि हल्ली विजेवर चालणाऱ्या स्कूटर-मोटारी आल्यात, त्यांना इंजिनाचा आवाजच नाही. युरोपात तर २०१९ पासून नव्या प्रकारच्या विजेच्या मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करणारं यंत्र बसवणं सक्तीचं केलंय. आधी आवाज कमी करायला धडपडायचं, मग पुन्हा आवाज बसवायचा! (कानात इयरफोन घालून सायकल चालवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

एवढं वाचून तुमच्यातले काही जण बाबांकडे हट्ट धरायला निघाले असतील. थांबा जरा. अमेरिकेत हे यंत्र सुमारे २०० डॉलरना मिळतं. म्हणजे सायकलपेक्षा डबी महाग! आणि पैशांचं सोडा, तिला काय कळत नाही तेही पाहायला हवं.

लहरी सरळ जातात, वळणावरून वळत नाहीत. आमचे कोकणातले रस्ते कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे: एक वळण, एक उतार, पुन्हा वळण. वळण तुमच्या मागे ६० मीटरवर असेल, तर ट्रक वळणातून बाहेर आल्यावरच डबीला कळणार. मगाशी चौदा सेकंद मिळत होते. आता मिळतील सहा. मोठ्या डंपरच्या आडोशाला मोटारसायकल असेल तर ती लपून राहू शकते. डंपर गेला, आता मोकळं झालं, असं समजून तुम्ही आत वळायला जाल आणि मोटारसायकल तिथे हजर! पडद्यावरचा ठिपका गाडी केवढी आहे हेही सांगत नाही. स्कूटरचा ठिपका आणि डंपरचा ठिपका सारखाच.

सर्वांत विचित्र गोष्ट अशी. समजा समोरून एस.टी. येतेय म्हणून मागचा ट्रक तुमच्या मागोमाग तुमच्याच वेगाने हळूहळू येऊ लागला. आता तो जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. लहरीत फरक पडत नाही. मग डबीच्या दृष्टीने तो जवळ येणारा राहिलाच नाही! पडद्यावरून ठिपका जाऊ शकतो, रंग हिरवा होऊ शकतो, आणि ट्रक मात्र पाच मीटरवर घुरघुरत असतो. म्हणून ही डबी वापरणारे जाणते सायकलस्वारसुद्धा वळण्याआधी मान वळवून बघतातच.

आणि एक प्रश्न असा की ज्याचं उत्तर कोणतंच रडार देणार नाही. मागच्या ड्रायव्हरने मला पाहिलंय का? तो मला जागा सोडणार आहे का?

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. कोकणातले कितीतरी गावरस्ते एकपदरी आहेत. एकपदरी डांबरी रस्त्याची ठरलेली रुंदी असते ३.७५ मीटर. डंपरची रुंदी अडीच मीटर धरा. राहिले सव्वा मीटर. त्यातले ६० सेंटीमीटर सायकलच्या हँडलचे. उरले ६५. दोन फुटांपेक्षा थोडंसं जास्त. त्यात मुलाची रस्त्याच्या कडेपासूनची जागा, मूल आणि डंपर यांच्यामधली जागा, डंपरच्या पलीकडची जागा, सगळं बसवायचं! फ्रान्समध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलला ओलांडताना मधे दीड मीटर अंतर सोडलंच पाहिजे असा कायदा आहे. स्पेनमध्येही दीड मीटर. आपल्या एकपदरी रस्त्यावर ते गणित बसतच नाही. तिथे एकच उपाय उरतो: मागच्याने थांबायचं, किंवा सायकलवाल्याने खाली उतरायचं. प्रत्यक्षात दर वेळी उतरतं कोण, ते सांगायला नको.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मरण पावली. अपघात कसे झाले याची त्यात वर्गवारी असते. तीत 'मागून धडक' हा सर्वांत मोठा गट आहे. शंभरांतले एकवीसेक अपघात या प्रकारचे. त्यात मोटारी, ट्रक, दुचाकी सगळ्या आल्या, सायकलीच नव्हेत. पण मागून येणाऱ्याला पुढचा दिसत असतो आणि पुढच्याला मागचा दिसत नसतो, हे तर सगळीकडे सारखंच ना? मग डबी विकत घ्यायची पुढच्याने, चार्ज करायची पुढच्याने, तिच्याकडे लक्ष द्यायचं पुढच्याने, ही वाटणी मला काही पटत नाही.

पूर्वी ट्रकच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असायचं. अजूनही कुठे कुठे दिसतं. त्याचा अर्थ काय? "बाबा रे, मला मागचं नीट दिसत नाही. तू येतोयस ते मला वाजवून सांग." एवढा अवाढव्य ट्रक, पण त्यालासुद्धा मागचं कळावंसं वाटतं! विनाकारण भोंगे वाजू लागले म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली हे शब्द लिहायला बंदी आली. सायकलच्या पाठीवर तर असं काही लिहायलाही जागा नाही.

म्हणून मला आनंद झाला तो दुसऱ्याच एका बातमीने. रडार आता मोटारींच्या पुढच्या बाजूलाही बसू लागलं आहे. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या काही प्रकारांत २०२१ मध्ये असं रडार आणि कॅमेरा आला. समोर धोका दिसला तर गाडी ड्रायव्हरला इशारा देते आणि त्याने ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक लावते. हे डंपरला आणि एस.टी.ला बसेल तेव्हा आमच्या मुलांना खरा उपयोग. धडक देऊ शकणाऱ्याकडे रडार असणं जास्त शहाणपणाचं, नाही का?

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सायकल तर रोजच चालवायची आहे. मग डबीशिवाय आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट आरसा. हँडलच्या उजव्या बाजूला बसणारा छोटा गोल आरसा सायकलच्या दुकानात मिळतो. आपण डावीकडून चालतो, गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून उजवाच. खडबडीत रस्त्यावर तो थरथरतो खरा, पण तो जवळ येणारा ट्रक आणि मागोमाग रेंगाळणारा ट्रक दोन्ही दाखवतो. म्हणजे या एका बाबतीत तो रडारला भारी!

दुसरी गोष्ट मान वळवून बघणं. यात काय शिकायचं, असं वाटेल. पण करून बघा. उजवीकडे मान वळवली की नकळत हातही उजवीकडे ओढले जातात आणि सायकल रस्त्याच्या मधे जाते, नेमकी जिथे जायला नको तिथे! यासाठी शाळेच्या मैदानावर फक्कीने तीस-चाळीस मीटरची सरळ रेघ मारा. रेघेवरून सायकल चालवा. मागे उभ्या असलेल्या मित्राने बोटं वर करायची. तुम्ही मान वळवून किती बोटं ते ओरडून सांगायचं आणि चाक रेघेवरून हलू द्यायचं नाही. आमच्या मुलांचं पहिल्या दिवशी चाक मैदानभर फिरलं. दोन आठवड्यांत बहुतेकांना जमलं. चालत्या सायकलवर जमल्याशिवाय रस्त्यावर करायचं नाही.

तिसरी गोष्ट, दिसणं. तुम्हाला मागचा दिसत नाही, ठीक आहे. त्याला तरी तुम्ही दिसा! सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर कधी जवळून पाहिलात? आत मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कोपरे असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी मिळते, तसा प्रत्येक कोपरा. अशा कोपऱ्यात शिरलेला प्रकाश तीनदा आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून ट्रकचा दिवा पडला की तो थेट ट्रकच्या ड्रायव्हरच्याच डोळ्यांकडे चमकतो. याच युक्तीचे आरसे १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा किरण त्यांच्यावरून परत येतो. चंद्रावरची वस्तू तुमच्या सायकलला लागलेली आहे आणि तुम्ही ती लाल चिखलाने माखून ठेवता! पावसाळ्यात रोज फडक्याने पुसा. फुटला असेल तर आजच नवा लावून घ्या.

आणि अरुंद रस्त्यावर मोठी गाडी मागे आहे असं कळलं, तर काय करायचं? आधी वेग कमी करा. मग डांबर आणि साईडपट्टी जिथे एका पातळीत असतील अशी जागा बघून कडेला जा आणि पाय टेका. वेगात असताना डांबराच्या कडेवरून खाली उतरायला जाऊ नका. पुढचं चाक त्या पायरीला अडकतं आणि माणूस नेमका रस्त्याच्या बाजूला पडतो. गाडी गेली की लगेच निघू नका. तिच्यामागे कोण आहे ते बघा.

आता एक प्रयोग. रस्त्यावर नाही, मैदानावरच. एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने मागून, जमेल तेवढ्या लांबून सायकलवर यायचं, घंटी न वाजवता. रस्ता थोडा बाजूने धरायचा, अंगावर यायचं नाही! सायकलचा पहिला आवाज कानावर आला की पाठमोऱ्याने हात वर करायचा. तिसऱ्याने त्या क्षणी सायकल कुठे होती तिथे खूण करून अंतर पावलांनी मोजायचं. वारा समोरून असताना एकदा, पाठीवर असताना एकदा आणि डोक्यावर रेनकोटची टोपी घालून एकदा. आम्ही केलं त्या दिवशी खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीचा हात सायकल तिच्या शेजारून निघून गेल्यावर वर झाला! तुमच्याकडे किती पावलं भरली, वारा कुठून होता, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा.

आणि हे गणितही सोबत सोडवून पाठवा. तुमची सायकल ताशी १४ किलोमीटर. मागून मोटारसायकल येतेय ताशी ८६ ने. रडारला ती १४० मीटरवर दिसली. तुमच्यापाशी पोचायला तिला किती सेकंद लागतील? आणि वळण ६० मीटरवर असेल तर? उत्तर पुढच्या अंकात.